तिसरा थांबा

"बाई, उद्या नको, आजच सांगा," असं खारूताई म्हणाली तेव्हा माझा हात पुस्तक मिटत होता, आणि हाताला कान नसतात. पुस्तक मिटलं. मी नेहमीसारखी म्हणाले, "बघू या. उद्या." वर्गातून नेहमीसारखा लांबलचक, हिरमुसलेला सूर निघाला. खरं सांगते, तो सूर मला आवडतो. इतकी वर्षं त्या सुरावरच जगले म्हटलं तरी चालेल. तो निघाला की समजायचं, आजचं वाचन जमलं, सगळी पोरं गोष्टीच्या एकाच पायरीवर येऊन उभी राहिली, आता उद्या गैरहजेरी नाही. आज त्या सुरात खारूताईचा आवाज नव्हता. पेन्सिली कुरतडते म्हणून पोरांनीच तिचं हे नाव ठेवलंय, आणि तिलाही ते आवडतं. ती पेन्सिल दातांत धरून माझ्याकडे बघत होती. मग पेन्सिल काढून हळूच म्हणाली, "उद्या मी नाही ना." मी ते ऐकलं. ऐकून फळा पुसायला वळले. पोरं उद्या नसतातच अधूनमधून. कुणाचा दात काढायचा असतो, कुणाच्या मावशीचं बाळ बघायला जायचं असतं. अशा एकेकीसाठी गोष्ट संपवत बसले तर झालंच माझं.

शाळेत माझ्या पाठीमागे मला थांबाबाई म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. मी नोकरीला लागले तेव्हा वाचनाचा तास म्हणजे एकेकाने उठायचं, एकेक वाक्य वाचायचं आणि बसायचं. पोरं आपलं वाक्य कितवं येतंय ते बोटांवर मोजून ठेवायची, तेवढंच ओठांत घोळवायची, वाचलं की सुटल्यासारखी बसायची. शेवटी गोष्टीत काय झालं विचारलं तर सगळ्यांची तोंडं कोरी. अडखळणारं पोर उभं राहिलं की बाकीची खिडकीबाहेर बघायची आणि त्या पोराचे कान लाल व्हायचे. मी ते बंद केलं. गोष्ट मीच वाचायची, मोठ्याने, सगळ्यांसाठी एकच. भराभर वाचणाऱ्यांना वेगळी आणि अडखळणाऱ्यांना सोपी, असली प्रतवारी नाही. आदल्या दिवशी ती गोष्ट घरी निदान तीनदा वाचायची आणि पेन्सिलीने तीन ठिपके द्यायचे. पहिल्या ठिपक्याशी थांबून विचारायचं, काय दिसलं. दुसऱ्याशी, असं का झालं असेल. आणि तिसरा ठिपका अशा जागी, जिथून गोष्ट एका पावलावर संपणार असते. तिथे विचारायचं, पुढे काय होईल, शेजारच्याला सांगा. वर्ग मधमाश्यांसारखा गुणगुणायला लागतो, एरवी जन्मात हात वर न करणारं पोरही शेजारच्याच्या कानाशी लागतं. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, ते आपण सांगायचं नाही. फक्त "बघू या" म्हणायचं आणि पुस्तक मिटायचं. उद्यापर्यंत ती गोष्ट पोरांच्या डोक्यात शिजत राहते. काही पोरांनी तर माझ्या "उद्या"पायी तापातही शाळा बुडवली नाही. या "उद्या"चा मला भारी अभिमान.

मधल्या सुट्टीत चहाचा कप तोंडाला लावते न लावते तोच कारकून कागद घेऊन आला. "बाई, इथे सही. तुमच्या वर्गातल्या पोरीचा दाखला आहे. फरशी बसवणाऱ्याची पोर हो, ती पेन्सिलखाऊ. बापाचं इथलं काम संपलं, आज दुपारीच निघतायत." मी सही केली. माझी सही मोठी झोकदार आहे, सगळे म्हणतात. सहीची शेपटी ओढताना माझ्या लक्षात आलं की उद्या मी नाही याचा अर्थ उद्या मी नाही असाच असतो. चहा कडू लागायला लागला. मी कारकुनाला विचारलं, "कुठे चाललेत?" तो म्हणाला, "जिथे फरशी असेल तिथे." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत गेला.

घंटा झाली की तिला बोलवायचं, शेवटचं पान वाचून दाखवायचं, झालं. इतकं सोपं होतं. पण सुट्टी संपायच्या आतच मोठ्या बाईंचं बोलावणं आलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, बोलावलं की वर्गावर दुसऱ्या बाईंना पाठवून मोकळ्या होतात. उद्या शिकाऊ शिक्षकांची एक तुकडी माझा पाठ बघायला येणार होती, आणि त्यांचे साहेब आजच येऊन बसले होते. त्यांना पाठ कागदावर हवा होता. "बाईंचा तिसरा थांबा हीच खरी गंमत आहे," मोठ्या बाई त्यांना सांगत होत्या, एखाद्या दुकानदाराने शोकेसमधली वस्तू दाखवावी तसं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मुलांना असं टांगून ठेवल्याने नेमकं काय साधतं, हे थोडक्यात सांगाल?" मी तोंड उघडलं आणि सांगायला लागले. उत्सुकता, अंदाज बांधणं, मागचे धागे जुळवणं, सगळं पाठच आहे मला. सांगता सांगता माझाच आवाज मला लांबून ऐकू यायला लागला, आणि त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, खोकल्याने फुटलेला. तो म्हणत होता, "अगं, तू माणसाला मधल्या मजल्यावर अडकवतेस."

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. आयुष्यभर अडकलेल्या माणसांना खाली उतरवणं हा त्यांचा धंदा. दोन मजल्यांमध्ये लिफ्ट थांबली की आतला माणूस कसा होतो ते त्यांच्याइतकं कुणी पाहिलं नसेल. आधी हसतो, मग घंटा दाबतो, मग शिव्या देतो, आणि मग एकदम गप्प होतो. "गप्प झाला की मी हात जास्त भराभर चालवतो," असं म्हणायचे. पुस्तकांशी त्यांचा संबंध वायरिंगच्या नकाशांपुरता. पण छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले तेव्हा शेजारणीने एक जाडजूड कादंबरी आणून दिली, आणि त्यांना ती धरवेना म्हणून मी वाचायला लागले. संध्याकाळी, दिवे लागल्यावर, खुर्ची त्यांच्या उशाशी ओढून. दोन भावांची गोष्ट होती. त्यांची लाकडाची वखार. धाकटा भांडून घर सोडून जातो, आणि थोरला म्हातारा होईपर्यंत रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन कडी काढून ठेवतो. वर शेजाऱ्यांना सांगतो, कडी बिघडलीय. हे अगदी मन लावून ऐकायचे. आणि मी काय करायची, तर रोज अगदी ऐन मोक्याला पुस्तक मिटायची. सवय. मुद्दाम नव्हे असंही म्हणवत नाही. मला वाटायचं, उद्याचं काहीतरी राखून ठेवलं की माणूस उद्यापर्यंत टिकतो. वर्गात टिकतात ना. हे चिडायचे, हसायचे, म्हणायचे, "तू म्हणजे वाण्याच्या दुकानातली पाटी आहेस. आज रोख, उद्या उधार." मी विचारायची, "सांगा, पुढे काय होईल?" आणि हा माणूस, ज्याने शाळेत कधी हात वर केला नसेल, डोळे मिटून विचार करायचा आणि सांगायचा. मी म्हणायची, "बघू या."

"वेळ किती धरायचा तिसऱ्या थांब्याला?" साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, "पोरांची कुजबुज ओसरेपर्यंत." त्यांनी लिहून घेतलं. खिडकीतून व्हरांडा दिसत होता, आणि व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर खारूताई बसली होती, पाय जमिनीला न टेकवता. दप्तर मांडीवर. शेजारी तिचा बाप, हाताच्या बोटांवर सिमेंटचा पांढरा राप, दाखल्याचा कागद घडी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला. कारकुनाने शिक्क्यासाठी बसवून ठेवलं असणार. शिक्का मोठ्या बाईंच्या खणात, आणि मोठ्या बाई इथे. म्हणजे ही बैठक चालू आहे तोवर ती पोर तिथे आहे. मी जरा सैल झाले. मग लगेच माझं मलाच कळलं की मी पुन्हा तेच करतेय, थोड्या वेळाने, थोड्या वेळाने.

ती शेवटची संध्याकाळ. गोष्टीत थोरला भाऊ जेवायला बसलाय आणि बाहेर फाटकाची कडी वाजते. तिथे माझा तिसरा ठिपका. मी थांबले. हे म्हणाले, "आज नको गं थांबूस. वाच पुढे." मी म्हणाले, "मग उद्या काय वाचायचं?" त्यांनी पांघरूण छातीवर ओढून घेतलं. मी विचारलं, "कोण असेल दाराशी?" ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तो नसणार. वारा असेल, नाहीतर शेजारी कुणी. इतक्या वर्षांनी कोण येतंय." वर्गात असतं तर मी पुढचा प्रश्न विचारला असता, तुला असं का वाटतं. तो प्रश्न मी कधी चुकवत नाही. पण त्या वेळी दूध उतू जायला लागलं होतं, मी उठले. आणि खरं म्हणजे, का वाटतं ते मला माहीतच होतं. आमचा मुलगा बापाशी भांडून गेलेला. भांडणही कसलं, तर लिफ्टच्या धंद्यात यायचं नाही यावरून. एकाने शब्द टाकला, दुसऱ्याने तो उचलला, आणि दोघांनीही नाक वर. मला फोन करायचा, बापाचं नावही काढायचा नाही. त्या आठवड्यात मी त्याला सांगितलं, बाबांचं काही खरं नाही, ये. तो म्हणाला, "येतो. उद्या दुपारपर्यंत पोचतो." हे त्याने त्याच दिवशी सकाळी सांगितलं होतं. दिवसभर ते माझ्या पोटात होतं, गरम गरम. औषध देताना सांगणार होते, पाठ पुसताना सांगणार होते. नाही सांगितलं. वाटलं, उद्या तो दारात उभा राहील तेव्हा यांचा चेहरा बघायचा. वाटलं, ऐन वेळी पोराने पाय मागे घेतला तर उगाच आशा लावून ठेवलेली. दोन्ही खरं. पण सगळ्यात खरं हे, की गोड गोष्ट हातात आली की ती राखून ठेवायची हे माझ्या हाडीमाशी खिळलंय. दूध उतरवून आले तर यांचा डोळा लागला होता. मी पुस्तकात खूण घातली. यांच्याच खोक्यातला काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा, दुमडून. मुलगा कबूल केल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुपारी आला. बाप पहाटेच गेला होता. लेकाने दारातच चपला काढल्या आणि तिथेच बसला, आत येईना. मग मला विचारलं, "मी येतोय हे माहीत होतं ना त्यांना?" मी हो म्हणाले. काय करणार. आता तो महिन्यातून एकदा येतो, मला औषधं आणून देतो, नळ गळत असेल तर बघतो. त्या "हो"बद्दल मी त्याला अजून काही बोललेली नाही, आणि बोलणारही नाही.

"बाई, कुठे लक्ष आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं. साहेब पुढच्या प्रश्नासाठी पेन टेकवून बसले होते. खिडकीबाहेर कारकून आला, बापाला काहीतरी म्हणाला, बाप उठला. शिक्का कुठून दुसरीकडूनच मिळाला असावा. खारूताईने बाकावरून उडी मारली आणि दप्तर पाठीवर घेतलं. मी उठले. "मी आलेच," म्हणाले, आणि वर्गाकडे सुटले. या वयात पळणं शोभत नाही हे मला माहीत आहे, गुडघ्यांनाही माहीत आहे. टेबलावरून गोष्टीचं पुस्तक उचललं. पाठीमागे मोठ्या बाईंचा आवाज, "अहो, पण साहेब..." साहेबांचं काय, साहेब उद्याही असणार आहेत.

फाटकाशी गाठलं त्यांना. बाहेर टेम्पोत सामान भरलेलं, वर उलटं ठेवलेलं टेबल, मांडीवर बाळ घेऊन बसलेली आई. मी धापा टाकत म्हणाले, "हिची गोष्ट राहिलीय." बापाला काही कळेना. त्याला वाटलं दाखल्यात काहीतरी चुकलं. "नाही हो, गोष्ट. शेवट राहिलाय." त्याने टेम्पोवाल्याकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि म्हणाला, "होऊ द्या मग. अर्धवट कशाला." मी फाटकाजवळच्या पायरीवर बसले, ती माझ्या शेजारी टेकली, आणि मी वाचायला लागले. गोष्ट साधीच, एका मोज्याची. वाऱ्याने तो दोरीवरून उडतो, गटारातून, छपरावरून हिंडतो, शेवटी कावळा त्याला घरट्यात नेतो. त्यात पिल्लं होतात, मोठी होतात, उडून जातात, आणि रिकाम्या घरट्यातून मोजा खाली वाकून बघतो. तिथे माझा पेन्सिलीचा ठिपका. माझा आवाज आपोआप थांबला. घशालाच सवय झालीय. खारूताई पेन्सिल दातांत धरून थांबून राहिली. बाळही गप्प होतं. मी ठिपक्यावर अंगठा ठेवला आणि पुढे वाचलं. खाली तेच अंगण होतं. तीच दोरी. दोरीवर त्याचा जोडीदार मोजा वाळत घातलेला, एकटाच. एका मोज्याचा कुणाला काय उपयोग. पण त्या घरातल्या माणसांनी तो टाकला नव्हता. दर धुण्याला ते तो धुवायचे, वाळत घालायचे, आणि शेजारी एक चिमटा मोकळा ठेवायचे.

मी पुस्तक मिटलं. खारूताई बसल्या जागी एवढी हसली की तिच्या पडलेल्या दाताची फट दिसली. "माझं चुकलं," ती म्हणाली. मी विचारलं, "तुला काय वाटलं होतं?" "मला वाटलं, टाकून दिला असेल. एक कशाला ठेवतील." मग ती उठून बापाकडे गेली, टेम्पोत चढता चढता आईलाही सांगायला लागली, "आई, माझं चुकलं. ठेवला होता त्यांनी." चुकल्याचा इतका आनंद मी वर्गात कधी पाहिला नव्हता. पाहिला कसा असता? मी उत्तर दुसऱ्या दिवशी देते, तोवर पोरं कालचा अंदाज विसरलेली असतात, चुकलेली तर हळूच बदलूनही टाकतात. टेम्पो वळला. तिने हात केला की नाही ते मला दिसलं नाही, उलट्या टेबलाचे पाय मध्ये येत होते.

मोठ्या बाईंचं ऐकून घ्यायचं ते ऐकून घेतलं. साहेब निघून गेले होते, कपाळाला आठी घालून, असं कारकुनाने आवर्जून सांगितलं. शाळा सुटली. पोरं पांगली, बाकं शांत झाली, आणि मी वर्गाचं कपाट उघडलं. तळाशी, तक्त्यांच्या गुंडाळ्यांखाली, ती कादंबरी आहे. घरी ठेववेना आणि शेजारणीला परतही देववेना, म्हणून इथे आणून टाकली होती. शेजारीण बिचारी कधी मागायला आली नाही. मी ती घेऊन खारूताईच्या बाकावर बसले. बाक इतकं बुटकं की गुडघे हनुवटीला लागतात. बाकाच्या कडेला तिच्या दातांच्या खुणा. काळी पट्टी पानाला घट्ट बसली होती, काढताना कागदाचा पापुद्रा निघाला. उरलेली पानं इतकी थोडी होती की मला स्वतःचा राग आला. दूध उतरवून आल्यावर हलवून उठवलं असतं, तर त्या रात्री सहज संपली असती.

मी मोठ्याने वाचलं. वर्गात वाचते तसंच, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. थोरला हातातला घास ताटात ठेवतो आणि उठतो. अंधारात चपला सापडत नाहीत म्हणून तसाच जातो. फाटकाशी एक माणूस उभा असतो, डोक्यावरचे केस गेलेले. कडी काढलेलीच आहे, तरी तो आत यायचं धाडस न होऊन ती वाजवत असतो. थोरला त्याला ओळखतो. काही मोठं बोलत नाही, एवढंच विचारतो, "जेवलास का?" मग दोघं आत जातात, आणि दुसरं ताट घेतल्याचा आवाज येतो. बस, एवढंच. शिपाई दारात येऊन उभा होता, हातात कुलूप. माझा आवाज ऐकून त्याला वाटलं असेल आत पोरं आहेत. रिकामी बाकं पाहून तो मागे सरकला.

मी पुस्तक मिटलं नाही. यांना हरायला कधी आवडायचं नाही. पत्त्यात हरले तरी दिवसभर धुसफुसायचे. पण या एका बाबतीत त्यांना हरायला आवडलं असतं, त्या पोरीसारखे हसले असते, तोंडातली कवळी काढून ठेवलेली असती तरी हसले असते. मी समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघितलं.

"चुकलात तुम्ही," मी म्हणाले. "दोघंही आले."